ओटिली आहे तशी

ओटिली कुपके बर्लिनमधल्या मोआबितच्या मंडईत मासे विकायची आणि मी तिच्या शेजारच्या गाळ्यावर खारवलेल्या काकड्या. स्वतःवर इतकी खूश असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. अंगानं दांडगी, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, नाक मध्येच वाकलेलं. बर्फाच्या पाण्यात हात घालून घालून बोटांच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या गाठी आलेल्या. गिऱ्हाईक मासा शिळा म्हणालं, की ती तो त्याच्या नाकासमोर धरून म्हणायची, हा आज तुमच्या आधी उठलाय.

तिचा नवरा ब्रूनो ब्राँझच्या ओतकाम कारखान्यात होता. साच्यातून निघालेला पुतळा फार ओंगळ दिसतो. साच्याच्या सांध्यांच्या रेघा, धातू ओतायच्या नळ्यांचे तुटके खुंट, अंगभर पुरळ. ते सगळं कानशीनं घासून, छिन्नीनं ठोकून साफ करायचं काम ब्रूनोचं. माणूस मुखदुर्बळ, दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी खूप. पण त्याच्या हाताखालून गेलेला पुतळा आजवर कोणी नापसंत केला नव्हता, आणि त्याचा त्याला ताठा होता.

पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीच्या त्या वर्षांत बर्लिनमध्ये पुतळ्यांना तोटा नव्हता. पुलावर, छपरावर, बागेत, जिथे बघावं तिथे पंख लावलेल्या सडपातळ बायका. यांतल्या एकीनंही कधी माशांचं पिंप उचललेलं नाही, असं ओटिली म्हणायची.

एकदा प्रोफेसर इझेनबेक नाताळासाठी कार्प घ्यायला आले. ते शिल्पकार होते. ओटिली तेव्हा कमरेवर हात ठेवून समोरच्या खाटकिणीशी भांडत होती. मासा राहिला बाजूला, प्रोफेसरांनी तिला पुतळ्यासाठी उभं राहाल का म्हणून विचारलं. नवऱ्याला न विचारता ही हो म्हणून मोकळी झाली. अट एकच घातली, आहे तशी घडवायची.

प्रोफेसर शब्दाला जागले. प्लास्टरची मूर्ती मी पाहिली. बाह्या वर सारलेल्या, पाय अनवाणी, दोन्ही हात कमरेवर. ही आता मला काकड्यांचा भाव विचारणार असंच वाटलं. ब्राँझचा पुतळा वसंतातल्या प्रदर्शनात मांडायचा होता. ओटिलीनं अख्ख्या मंडईला आमंत्रण दिलं, त्या खाटकिणीलासुद्धा. बायकांनी टोप्यांना नव्या फिती लावल्या.

पुतळा ओतला गेला आणि ब्रूनोच्या टेबलावर आला. बायकोचा पुतळा दुसऱ्याच्या हाती कसा जाणार? त्यानं गालावरची सांध्याची रेघ घासली. मग हात थांबेचना. खालची हनुवटी गेली, नाकाचा उंचवटा गेला, हातावरच्या शिरा गेल्या, बोटांच्या गाठी गेल्या. पोट तेवढं वाचलं, कारण तिथे धातूचा थर पातळ होता, घासला असता तर भोक पडलं असतं. कारखान्याच्या मालकाला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. असं गुळगुळीत काम कारखान्यात झालं नव्हतं म्हणे. त्यानं ओटिलीला बघायला बोलावलं आणि तिच्याबरोबर मीही गेले.

ती पुतळ्याभोवती सावकाश फिरली. मग ही बाई कोण, असं तिनं विचारलं.

"तूच की," ब्रूनो म्हणाला. "मला तू अशीच दिसतेस."

खरं सांगते, मला कोणी असं म्हणालं असतं, तर काकड्यांचं भरलेलं पिंप मी त्याला बक्षीस दिलं असतं. ओटिलीवर काही परिणाम झाला नाही.

"मग इतकी वर्षं रोज घरी येऊन तू बघत कोणाकडे होतास?"

आवाज चढवलासुद्धा नाही. ब्रूनोचा चेहरा खर्रकन उतरला. ही बाई मी नाही, मी प्रदर्शनाला येणार नाही, असं सांगून ती निघाली.

पुढचे काही दिवस मंडईत बसवेना. एका गिऱ्हाइकानं हेरिंगला नावं ठेवली, तर हिनं तो मुकाट्यानं परत टोपलीत ठेवला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग प्रोफेसर पुतळा बघायला कारखान्यात आले. काय झालं ते मालकानंच पुढे माझ्या गाळ्यावर उभं राहून सांगितलं, अजून धुसफुसत. प्रोफेसर पुतळ्यावर बेहद्द खूश झाले. माझ्या मूर्तीपेक्षाही ही उजवी झाली, आहे अशीच प्रदर्शनात पाठवा, म्हणाले. मालक हात चोळत हसला. ब्रूनोला आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात धरणारा बर्लिनमध्ये कोणी नव्हता.

"साहेब, हा माझ्या हातून बिघडलाय," तो म्हणाला. "वितळवून टाका."

प्रोफेसरांना ती थट्टा वाटली. ब्रूनोनं कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या मूर्तीवरचं फडकं काढलं. प्रोफेसरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. मालकानं आकांडतांडव केलं, पण पुतळा भट्टीत गेला आणि त्याच ब्राँझचा पुन्हा ओतला गेला.

या खेपेला ब्रूनोनं एकच मागणं केलं, काम संपेपर्यंत ओटिलीनं समोर असावं. तिनं जरा आढेवेढे घेतले, पण गाळा लवकर बंद करून, एप्रनसकट जाऊन उभी राहिली. मी दोघांसाठी पाव आणि सॉसेज घेऊन गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तो तिच्याकडे बघायचा, दोनदा कानस चालवायचा, पुन्हा बघायचा. हनुवट्या दोन्ही शाबूत राहिल्या. नाकही वाकडं राहिलं. उजव्या हातावरची सांध्याची रेघ मात्र नेमकी पेरांवरून गेली होती. तिथे तो अडला. त्यानं कानस खाली ठेवली, बायकोचा हात हातात घेतला आणि एकेका गाठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"हे दुखतं का गं?"

आजूबाजूच्या टेबलांवरची ठोकाठोक थांबली. ओटिलीनं दुसराही हात त्याच्यासमोर धरला. 

"दुखतं," ती म्हणाली. "थंडीत फार दुखतं रे."