वर्नाच्या मनगटाला झेपेल असं

वर्ना ट्रिपलेट आणि मी अमेरिकेत, मिसूरीतल्या कोंबड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं शेजारी उभ्या होतो. ती पंख कापायची, मी तंगड्या. बोलणं बेताचंच. नवऱ्याने, रँडलने, दारात हात चेपून तिचं उजवं मनगट मोडलं, हेसुद्धा मला खटला उभा राहिल्यावर कळलं. तो चार वर्षं आत गेला.

मार्चमधल्या एका सोमवारी डबा खाताना ती म्हणाली, "शुक्रवारी सुटतोय तो. नेल, मला पिस्तूल घ्यायचंय. येशील?"

"शेरीफच्या पोलिसांकडे गेली होतीस?"

"गेले की. कोर्टाचा मनाई हुकूम आहे, जपून ठेवा म्हणाले. त्यांची गाडी माझ्याकडे यायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर कागद काय दाराला चिकटवू?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आम्ही म्हाताऱ्या डॉयलच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. त्याने काचेखालून एक तुर्की पिस्तूल काढलं. कोरं करकरीत, वर्षाची हमी. शेजारी एक जुनं रिव्हॉल्व्हर ठेवलं, एका पहारेकरी कंपनीने काढून टाकलेलं. रंग उडालेला, मुठीला चरे. आणि ते नव्यापेक्षा साठ डॉलरने महाग!

वर्ना उसळली. "आयुष्यभर लोकांचं वापरलेलंच वापरलं मी. कोट, गाडी, पलंग. नवरासुद्धा दुसरीने टाकलेला. एवढं एक तरी कोरं घेऊ द्या."

डॉयल हसला नाही. "तुर्की माल वाईट नाही, पोरी. मीच विकतो. पण नव्याचे नखरे असतात. दोनशे गोळ्या झाडून बघितल्याशिवाय त्याच्यावर जीव टाकायचा नाही. त्या गोळ्यांचा खर्च धर, मग सांग स्वस्त कुठलं. हे म्हातारं कमरेला लटकून झिजलंय, झाडलंय क्वचितच."

"मला नवंच हवंय."

"बरं. मागे चल, चालवून बघ."

नव्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला की गोळी आत जाते. स्प्रिंग भलतीच कडक होती. वर्नाने उजव्यात धरून डाव्याने ओढलं. मनगट वाकलं, भाग अर्ध्यावरून सुटला. पुन्हा ओढलं. पुन्हा. "होईल, होईल," असं पुटपुटत ती ओढतच राहिली, तळवा सोलवटेपर्यंत.

"अगं सोड," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "शुक्रवारपर्यंत नाहीच ना गं बरं व्हायचं हे?"

डॉयलने रिव्हॉल्व्हर पुढे केलं. त्यात ओढायचं काही नव्हतं, नुसता चाप. तो जड होता, पण दोन्ही हातांनी दाबला गेला. सहातल्या चार गोळ्या निशाणाच्या कागदावर लागल्या. तिने फॉर्म भरला, तिच्या नावावर गुन्हा नाही ना, याची डॉयलने फोनवर चौकशी करून घेतली आणि रिव्हॉल्व्हर दिलं.

मी तिच्याकडेच राहायला गेले. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी नऊला रँडल पडवीत उभा. दाढी गुळगुळीत, हातात डोनटचा खोका.

"वर्ना, उघड. बदललोय मी."

मी आतून शेरीफला फोन लावला. वर्ना दारासमोर खुर्ची टाकून बसली होती.

"पिस्तूल आहे माझ्याकडे. जा तू."

"त्या हातात?" तो हसला. "कपबशी तरी धरवते का?"

मग त्याने दाराला खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी उखडली. वर्नाने चाप दाबला. गोळी चौकटीत घुसली, त्याच्या कानापासून वीतभर. खोका टाकून तो पळत सुटला.

"छातीवर धरला होता गं नेम," ती म्हणाली.

चाळीस नाही, पन्नास मिनिटांनी गाडी आली. संध्याकाळी तो सापडला. त्याच्या वकिलाने शिक्षा आठ महिन्यांवर आणली. निकाल ऐकून वर्ना बोटांवर महिने मोजत बसली.

सप्टेंबरमध्ये, तो सुटायच्या आत, तिने नोकरी सोडली. गाडीत दोन पिशव्या आणि पलंगाची गादी. मी नवा पत्ता मागितला.

"नाही देत," ती म्हणाली. "तुला ठाऊकच नसलं, तर तुला मारून कुणी काढून घेणार नाही."

तिने माझ्या गालाला गाल लावला आणि गाडी सुरू केली. कुठल्या दिशेला वळली, ते मी मुद्दाम बघितलं नाही.