घरटी एक माणूस

"मॅडम, कॅमेऱ्यात तुम्ही दिसत नाही. या आजी कोण आहेत?"

फोनमधला माणूस असं म्हणाला आणि पडद्यावरचे सगळे चौकोन हलायला लागले. प्रत्येक चौकोनात एक मास्तर नाहीतर बाई होती, आणि सगळे हसत होते.

"मी सासू हाय," मी म्हणाले. "बाई शाळंत गेल्यात. पोरं हायेत ना तिकडं."

"अहो, पण ट्रेनिंग बाईंचं आहे."

"व्हय. म्हणून तर मी बसलीया. घरातलं माणूस हजर हाय, लिवा."

एक मास्तर म्हणाला, "सर, सर्टिफिकेट आजींच्याच नावानं काढा." पुन्हा हसणं. शिकवणारा माणूस मात्र हसला नाही. त्याचा घसा बसला होता, आणि त्याच्या मागे कुणाचं तरी लहान मूल सारखं खोकत होतं. तो म्हणाला, "आजी, माझ्या हातात काही नाही. मॅडमचं नाव वगळावं लागेल. पुढच्या बॅचला पहिल्यापासून बसायला सांगा."

"पहिल्यापासून? निम्मं तर झालं की ओ."

चौकोन गेले. काळ्या पडद्यावर मराठीत एक ओळ आली. ती मी एकेक अक्षर लावून वाचली. मला बैठकीतून काढलं होतं.

माझी सून आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गाव कोळवणच्या बाजूला. शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. त्यातले सर कसल्यातरी सर्वेक्षणाच्या कामावर दिले होते, म्हणजे चारही वर्ग हिच्या एकटीच्या गळ्यात. त्यातच हे ट्रेनिंग आलं. वर्गात टीव्ही, फोन, टॅब वापरून कसं शिकवायचं, ते फोनवरूनच शिकायचं. पूर्णपणे मोफत आहे, असं तो माणूस रोज सुरुवातीला सांगायचा. पैसे लागत नव्हते हे खरं. बाकी सगळं लागत होतं.

वेळ ठेवली होती ऐन शाळेची. शाळा डोंगराच्या पोटात, तिथे फोनला रेंज नाही. रेंज आमच्या माडीच्या खिडकीत. म्हणजे ट्रेनिंगला बसायचं तर शाळा सोडायची आणि शाळेत थांबायचं तर ट्रेनिंग बुडवायचं. सुनेने वरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ॲडजस्ट करा."

तिने ॲडजस्ट केलं. फोन खिडकीत ठेवला आणि समोर मला बसवलं. मध्येच फोन विचारायचा, आपण अजून पाहत आहात का? तेव्हा निळं बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे काम मला नवीन नव्हतं. जन्मभर कुरडया-पापडांच्या वाळवणाची राखण केली आहे. बसायचं आणि डोळा हलवायचा नाही, एवढंच असतं त्यात. फोनने विचारलं की मी म्हणायचे, "हाय बाबा, हाय," आणि दाबायचे.

त्या दिवशी त्या माणसाने एकेकाचं नाव घेऊन कॅमेरा सुरू करायला सांगितलं. सुनेचं नाव तीनदा घेतलं. मग म्हणाला, "गैरहजर लावतो."

आता आमच्याकडची रीत सांगते. देवळाची सभा असो, ओढ्याला बांध घालायचा असो, कुणाची मयत असो, घरटी एक माणूस जातं. एक गेलं म्हणजे घर गेलं. आमचे मालक तापाने पडले होते तेव्हा बांधावर दगड उचलायला मी गेले. माझा गुडघा धरला तेव्हा मुलगा गेला. तुमच्यातलं कोण आलं होतं, असं कुणी कधी विचारलं नाही. सरकारचंही असंच असणार, असं मला वाटलं. कॅमेऱ्याचं चित्र ओळखू येत होतं. ते दाबलं.

संध्याकाळी सून आली ती पाय न धुता ओट्याला टेकून बसली. तिला रस्त्यातच कळलं होतं. कुठल्याशा बाईने माझा पडद्यावरचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला होता.

"आई, कॅमेऱ्याला हात लावू नका म्हणाले होते ना?"

"गैरहजर लावत हुता तो."

"लावू द्यायचं! एक दिवस गैरहजर चाललं असतं. आता सगळंच गेलं."

"मला काय म्हाईत? हजर म्हनलं की हजर, न्हाईतर न्हाई. एवढंच ठाव हाय मला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी राजीनामा देते."

एवढ्यात मुलगा कामावरून आला. विकलेल्या आमच्याच जमिनीवर पुण्याच्या लोकांचं फार्महाऊस आहे, त्याची तो देखभाल करतो. जे गवत कुठलंही जनावर खात नाही त्याला दिवसभर पाणी घालतो. दारात उभं राहून त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दे मग. रोजची कटकट तरी जाईल."

मी त्याला म्हणाले, "तू गप. तुझा मालक उद्या ते घर विकंल, आनि नवा मालक तुला म्हनंल, तू कोन? ह्या घरात एकाच मानसाचं काम पक्कं हाय, आनि ते तुझं न्हाई."

"आये, मी तिच्यासाठीच बोलतुया."

"तिच्यासाठी बोलू नगं. पिठाचा डबा खाली काढ."

सून भिंतीकडे बघत बोलत होती. "ग्रुपवरच्या हसण्याचं मला काही नाही, आई. मला कंटाळा आलाय. ते जे शिकवतात त्यातलं काहीच माझ्या वर्गात चालत नाही. टीव्ही आहे, पण बिल थकलं म्हणून शाळेची लाईट तोडलेली आहे. पुन्हा बसायलाही माझी ना नाही. पण मी इथे बसले तर पोरांजवळ कोण? तिकडे गेले तर इथे कोण? दोन्हीकडे मीच पाहिजे, आणि मी एकच आहे."

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "घरटी एक मानूस. तुझं त्वांडच पायजे ना त्यांना? तू हितं बस. शाळंत मी जाते."

"तुम्ही?"

"का? ह्याच शाळंत चौथी पास हाय मी. शिकवनार न्हाई. बसनार."

"कुणाला कळलं तर?"

"तुमचं सायब शेवटचं कधी आलं हितवर?"

ती आठवत बसली. मग म्हणाली, "खिचडीवाल्या बाई सांगतील."

"ती आपल्या भावकीतली हाय. तिची सून पळाली तवा मी कुटं सांगितलं?"

"आत्ता सांगितलंत की," मुलगा म्हणाला. सुनेला थोडं हसू आलं. राजीनाम्याचं बोलणं त्या दिवसापुरतं थांबलं, पण ती ते विसरली नव्हती. झोपायला जाताना म्हणाली, "ही बॅच झाली तर झाली. नाही झाली तर मी परत बसणार नाही, आणि तुम्ही मला अडवायचं नाही."

"न्हाई अडवत," मी म्हणाले.

पुढची बॅच लागली. सून केस विंचरून खिडकीत फोनसमोर बसायची आणि मी शाळेत जायचे. खुर्चीत बसायचे, कारण माझे गुडघे जमिनीवर वाकत नाहीत. कोपऱ्यात कुठल्याशा कंपनीने शाळेला दिलेला मोठा टीव्ही होता. त्याच्यावर जुनी चादर टाकलेली, आणि पोरं पाण्याच्या बाटल्या त्याच्या स्टँडला अडकवायची.

पहिल्याच दिवशी तिसरीतला एक पोरगा म्हणाला, "आजी, तुमी बाई झाल्या?"

"न्हाई. राखनीला आलीया."

"आमच्या?"

"व्हय. पापडापास्नं कावळं हाकायचं, तसं तुमाला एकमेकांपास्नं हाकायचं."

माझ्याकडून त्यांना काही आलं नाही, हे सांगून टाकते. पाढे म्हणून घेतले. ते मला वीसपर्यंत येतात, पुढे पोरं म्हणतील ते खरं. मोठ्यांना लहानांचं वाचन घ्यायला बसवलं, तर मोठे लहानांना टपल्या मारायला लागले. एकाने पाटी फोडली. एका पोरीने भागाकार आणून दाखवला, मी म्हणाले, येत नाही, ठेव बाजूला. दुपारनंतर मला डुलकी यायची आणि पोरं ती बघत बसायची. ओरडून ओरडून माझाही घसा बसला. त्या फोनमधल्या माणसाची आठवण झाली.

चौथीतली एक पोर रोज विचारायची. "आमच्या बाई कुटं गेल्या?"

"शिकायला."

"काय शिकायला?"

"तुमाला कसं शिकवायचं ते."

"ते तर येतंय की त्यान्ला."

मी तिला पाणी आणायला पाठवलं.

शाळा सुटली की घरी यायचे, तर सून खिडकीतच बसलेली असायची, डोळे लाल. स्वयंपाकाला दोघींत त्राण नसायचं. सकाळच्या भाकरीबरोबर चटणी खायचो.

"आज काय शिकवलं?" मी विचारायचे.

"पोरांना टॅब कसे वाटायचे."

"कुठलं टॅब?"

"तेच ना. वर्गात आज काय झालं?"

"पाटी फुटली. त्यो भागाकार तुला बघाय लागंल."

ती पोरांची वही मागायची आणि बसल्या बसल्या दुसऱ्या दिवशीचा भागाकार, वाचायचा धडा, कुणी काय लिहायचं ते मला सांगायची. मी ते डोक्यात ठेवायचे. अर्धं शाळेपर्यंत टिकायचं.

शेवटच्या दिवशी प्रश्नांची परीक्षा होती. ती चालू असताना गावाची लाईट गेली आणि फोनची बॅटरी संपत आली. मुलगा फार्महाऊसवरून मालकाची गाडीच घेऊन आला, ती खिडकीखाली लावली आणि तिच्यातल्या चार्जरची वायर वर दिली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पोरांना खिचडीच्या रांगेत उभं करत होते.

सून पास झाली. पौडला जाऊन तिने सर्टिफिकेटचा कागद छापून आणला, फाईलला लावला आणि झोपली. राजीनाम्याचं ती पुन्हा बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली. सर अजून सर्वेक्षणावरच होते. टीव्हीवर चादर तशीच होती, आणि माझ्याकडून राहिलेले सगळे भागाकार तिने आधी घेतले.

तिने ट्रेनिंग पूर्ण केलं असं त्या कागदावर लिहिलं आहे. ते खरं आहे. ती ते करत होती तेव्हा पहिली ते चौथीच्या वर्गात तिच्या खुर्चीत मी होते.