सपत्नीक सत्कार, रवळ्याच्या माथ्यावर

पाथर्डी फाट्याच्या आसपास भिकन देवरे म्हणून विचारलंत तर लोक नाही म्हणून मान हलवतील. 'टाकीवाले भाऊ' म्हणा, लहान पोरगंसुद्धा घरापर्यंत आणून सोडेल. भाऊंची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. कॉलनीची उंच टाकी, तिच्या पायाशी एक खोली, व्हॉल्व फिरवायची लांबलचक चावी आणि टाकीच्या अंगाला चिकटलेली लोखंडी शिडी. रोज पहाटे शिडी चढून जायचं, झाकण उचलून पाणी किती चढलंय ते बघायचं आणि खाली येऊन पाणी सोडायचं. बायका आधी खिडकीतून वर बघायच्या. भाऊ शिडीवर दिसले की बादल्या काढायच्या.

चढायची खोड मात्र गावाकडची. जन्म कळवणकडच्या खेड्यातला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने देवीपुढे पदर पसरून मागून घेतलेलं लेकरू, म्हणून नाव भिकन. उंबऱ्यात उभं राहिलं की समोर डोंगरांची रांग. तरुणपणी कुणीतरी डिवचलं, तेव्हा या गड्याने सप्तशृंगगड, मार्कंड्या, जवळ्या आणि रवळ्या असे चारही डोंगर एका दिवसात पायाखाली घातले. पहाटे देवीचं दर्शन, आणि सूर्य कलायच्या आत रवळ्याचा माथा. पुढच्या वर्षी दोन मित्र बरोबर आले. मग कॉलनीतले आले, कॉलनीतल्यांचे मेहुणे आले, बँकेतले आले, डॉक्टर आले. होता होता दर डिसेंबरात बस भरून माणसं निघायला लागली, आणि त्या बसच्या पुढच्या सीटवर कानटोपी घालून आपले भाऊ. माणसाला जगात एक तरी जागा अशी लागते, जिथे त्याच्याकडे मान वर करून बघतात. भाऊंना ती मिळाली होती. तिथेच ते अडकले.

झालं असं, की तीन वर्षांपूर्वी एका सकाळी टाकीच्या शिडीवर, अगदी मधोमध, त्यांचे हात थांबले. काही घडलं नव्हतं हो. शिडी तीच, टाकी तीच, अंगावर स्वेटरही तोच. पण खाली नजर गेली आणि त्यांनी दोन्ही हातांनी गज कवटाळला. कसेबसे खाली आले आणि खोलीत जाऊन व्हॉल्वच्या चावीवर डोकं टेकून बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी जोडीदार सुनीलला सांगितलं, आता तू चढत जा, उद्या माझ्यामागे तुलाच बघायचंय. सुनील इतका भारावला की घरी जाऊन बायकोला म्हणाला, भाऊ मला तयार करतायत.

डोंगरावरही तीच युक्ती. पायवाटेचं काही वाटायचं नाही, पठारावर तर भाऊ पोरांनाही मागे टाकायचे. पण रवळ्याच्या माथ्याखाली एक कातळटप्पा आहे. दोन-तीन पुरुष उंचीचा, हातापायांच्या खोबणी असलेला, आणि पाठीमागे सगळी दरी उघडी. सगळ्यात शेवटी तो यायचा. तिथे पोचलं की भाऊ म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे, खाली सगळ्यांच्या बॅगा आहेत, माकडं फार आहेत, कुणीतरी थांबायला हवं. आणि त्या बॅगांच्या ढिगाला टेकून, दरीकडे पाठ करून बसायचे. वर गेलेली मंडळी म्हणायची, काय मन आहे या माणसाचं, स्वतःचा माथा दुसऱ्यासाठी सोडतो. चोराला पकडायचं सोडून त्याला हार घातला तर त्याने पळावं तरी कुठे?

बायकोला, सविताला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती कधी डोंगरावर गेलीच नव्हती. तिच्या वाट्याला पहाटेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दुसऱ्या दिवशी चिखलाचे बूट एवढाच डोंगर यायचा.

यंदा भाऊ निवृत्त झाले. आता आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की त्याला सुखाने घरी जाऊ देतात का? शाल हवी, नारळ हवा, दोन-चार भाषणं हवीत. ग्रुपमधला हर्षल, फाट्यावर ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे तो, भारी उत्साही प्राणी. त्याला कल्पना सुचली की भाऊंचा सत्कार हॉलमध्ये नको, रवळ्याच्या माथ्यावर करायचा. चारही डोंगर नेहमीसारखे, आणि शेवटच्यावर शाल-श्रीफळ. निमंत्रण मोबाईलवर सुटलं, फ्लेक्स छापून आला. आणि आपल्या रीतीप्रमाणे त्यावर ठळक अक्षरांत आलं, 'सपत्नीक सत्कार'.

भाऊंनी सुटायची धडपड केली. गुडघा दुखतो म्हणाले, तर संध्याकाळपर्यंत घरात तीन तऱ्हेची तेलं आणि दोन पट्टे येऊन पडले. मग त्यांनी शेवटचा पत्ता टाकला: मला काही नाही रे, पण मिसेसला नाही जमणार, आणि सपत्नीक म्हटल्यावर तिला सोडून कसं? त्यांना वाटलं, विषय संपला. दुसऱ्याच दिवशी पहाटे ग्रुपमधल्या आरोही आणि पूजा दारात हजर. वहिनी, चला, आम्ही तयार करतो तुम्हाला.

आणि सविता निघाली की. दोन महिने रोज पांडवलेणीच्या पायऱ्या. पहिल्या आठवड्यात धापा टाकत, चौथ्या आठवड्यात गप्पा मारत. जन्मात पहिल्यांदा तिने बूट विकत घेतले, पांढरे, गुलाबी नाडीचे, आणि रात्री ते कपाटाखाली ठेवायच्या आधी पुसायची. एकदा जेवताना म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही कुठे जाता ते मला बघायचंय." भाऊंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो विरघळेपर्यंत बुडवतच राहिले. खोटं बोलून दार लावायला गेले, आणि दोन्ही हात दारातच चेमटून बसले. आता नाही म्हणायचं तर नुसती ग्रुपची नाही, तिचीही निराशा. भाऊंना रात्र रात्र झोप लागेना. सांगावं असं दहादा जिभेवर आलं, आणि दहादा त्यांनी पाणी पिऊन गिळलं.

ठरल्या दिवशी पहाटे दर्शन झालं. देवीपुढे भाऊ बराच वेळ हात जोडून उभे राहिले. हर्षलला वाटलं, केवढी श्रद्धा. भाऊ मागत होते पाऊस. डिसेंबरात! देवीने आकाश इतकं निळं ठेवलं की पलीकडचा धोडप किल्ला हाताला लागावा. मार्कंड्या झाला. खिंडीत उतरून दशम्या खाल्ल्या. एरवी या वाटेवर भाऊंच्या तोंडाला खळ नसायचा, हे झाड कसलं, ती वस्ती कुणाची. आज ते नुसते चालत होते. जितकं भराभर चालावं तितका रवळ्या जवळ येत होता, आणि हळू चालले तर लोक विचारत होते, भाऊ, गुडघा का?

जवळ्या उतरून पठारावर आले तेव्हा ऊन कललं होतं. ठरल्याप्रमाणे शेवटच्याच डोंगरासाठी खिंडीपर्यंत जीपने येऊन आरोही-पूजाबरोबर सविता तिथे आधीच पोचली होती. पंजाबी ड्रेस, डोक्याला रुमाल, गुलाबी नाडीचे बूट. तोंड लाल झालेलं, पण अशी हसत होती की भाऊंना लग्नातली सविता आठवली. हसू बघून माणसाला आनंद व्हावा, तर यांनी नजर खाली तिच्या बुटांकडे नेली.

कातळटप्प्याशी बॅगा ठेवल्या गेल्या. भाऊंनी सवयीने ढिगाकडे पाऊल टाकलं, तेवढ्यात हर्षल म्हणाला की आज बॅगा माकडांनी नेल्या तरी चालतील. मंडळी भराभर वर चढली, त्यांत टाकीवरचा सुनीलही होता. वरून फ्लेक्स उलगडल्याचा आवाज आला, टाळ्या सुरू झाल्या. शेवटी खाली उरले दोघेच: पुढे भाऊ, मागे सविता.

ते चढले. पहिली खोबण, दुसरी, तिसरी. मग नको तेच झालं. पायाखालून थोडी माती सुटली, तिचा आवाज खाली खाली जात राहिला आणि भाऊंची नजर तिच्यामागे गेली. बोटं दगडात रुतली ती रुतलीच. उजवा पाय थरथरायला लागला. वर माथा, दोन हातांवर. खाली पठार, तेही फार नाही. पण दोन्ही त्यांच्यासाठी सारखीच लांब होती. त्यांनी कपाळ कातळाला टेकवलं. वरची मंडळी टाळ्यांचा ताल धरून त्यांचं नाव घेत होती.

मागून सविताने तो पाय बघितला. हळूच विचारलं, काय होतंय?

भाऊंच्या तोंडून शहरातली भाषा निघेना. आईशी बोलायचे ती निघाली. "माले भ्याव लागस, सविता."

तिने कधीपासून म्हणून विचारलं. टाकीवर चढणं सोडलं तेव्हापासून, ते म्हणाले. सविताने मान वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, "हर्षल, मला नाही जमायचं रे. चक्कर येतेय. मी ह्यांना घेऊन खाली उतरते."

दोन महिने पायऱ्या चढलेली बाई, माथा दोन हातांवर असताना, असं म्हणाली. भाऊंना ते ऐकू आलं. सुटलो, असं वाटलं. तिच्या खोट्याआड लपल्याची लाजही वाटली.

पण नशीब बघा. वरून हर्षलचा आवाज आला, अगदी मायेने भरलेला. वहिनी, घाबरू नका, सुनील खाली येतोय, तो तुम्हाला अलगद उतरवेल. भाऊ, तुम्ही या वर, तुमचं तरी राहायला नको.

म्हणजे तीही वाट बंद. सुनील दोर घेऊन कडेला आला होता. आता भाऊंनी गप्प राहायचं, तर सविता खाली जाणार, तिच्या माथी कायमचं 'वहिनींना नाही जमलं' लागणार, आणि वर जायचं ते जायचंच. त्यांनी डोळे मिटले.

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मी घाबरलोय."

वर हशा पिकला. भाऊ मस्करी करतायत, कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. तीन वर्षं खोटं बोलले ते सगळ्यांना पटलं, आणि आज एक खरं बोलले तर हसू. भाऊंना रडू फुटलं. कातळाला तोंड लावून, लहान पोरासारखं, आवाज करून ते रडले. तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

"टाकीवर पण चढत नव्हतो मी," ते हुंदक्यातून सांगत होते. "सुनीलला विचारा. बॅगा राखायचो ते खोटं होतं. मला वरही येववत नाही आणि खालीही उतरवत नाही."

मग सुनील उतरला, त्याने भाऊंच्या कमरेला दोर बांधला. हर्षल दुसऱ्या अंगाने खाली आला आणि भाऊंच्या बुटाला हात घालून एकेक पाय खोबणीत ठेवत गेला. सविता बाजूच्या कपारीत अंग चोरून उभी होती. तिच्याजवळून जाताना भाऊंनी डोळे न उघडताच तिला सांगितलं, तू जा वर. ती नको म्हणाली. ते म्हणाले, माझ्यासाठी नको, बूट घेतलेस त्यासाठी जा.

ती गेली. पठारावर बॅगांना टेकून बसलेल्या भाऊंना थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या. आधी बिचकत, मग मोकळ्या. हर्षल शेजारी बसून गवताची काडी मोडत होता. मग म्हणाला की मलाही दुकानातल्या माळ्यावर चढायला भीती वाटते. खरं होतं की नाही देव जाणे. भाऊंनी त्याला पाणी दिलं.

उतरताना सविताला कुणाचा हात लागला नाही. खांद्यावर सत्काराची शाल, बगलेत नारळ. ती येऊन शेजारी बसली, अर्धी शाल त्यांच्या पाठीवर टाकली. मंडळी बॅगा उचलून जरा लांब गेली, तेव्हा तिने विचारलं, "मला तरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"मग तेच हवं होतं ना तुम्हाला?"

समोरच्या डोंगरांवरून ऊन उतरत होतं. भाऊंनी एकदा मान वर करून माथ्याकडे बघितलं, आणि वाकून तिच्या बुटाची सुटलेली गुलाबी नाडी बांधली.