चार लायनी आणि एक्स-रेची बंद खोली

खुणेची चिठ्ठी न लावता मी दवाखान्याच्या टेलिफोनच्या चारही लायनी एकदम उपटल्या. ओतूरला दुकान टाकून, ऑफिसांचे इंटरकॉम दुरुस्त करत मला बारा वर्षं झाली होती. चिठ्ठ्या नवखी माणसं लावतात, अशी माझी समजूत.

घोडेगावच्या त्या खासगी दवाखान्यात वळवाच्या विजेनं ट्रंक कार्ड जळालं होतं. बाहेरून येणाऱ्या टेलिफोनच्या लायनी इंटरकॉमच्या डब्यात ज्या पट्टीवर जोडतात, ते हे कार्ड. कुठली लायन कितव्या जागेवर, त्यावर घंटी कुठं वाजणार ते ठरतं. पहिल्या जागेवरची सिस्टरांच्या टेबलावर, तिसऱ्या जागेवरची एक्स-रेच्या खोलीत. पहिल्या लायनीचा नंबर डोंगराकडच्या गावांत दुकानांच्या भिंतींवर रंगवलेला. साप चावला की तोच फिरवायचा.

नवं कार्ड बसवलं, आठवणीवर भरवसा ठेवून तारा आवळल्या आणि चारही लायनींवरून माझ्या मोबाइलला फोन लावून पाहिला. चारही वेळा मोबाइल वाजला. त्यावर कुठला नंबर उमटतोय हे बघायला काही वेगळं शिक्षण लागत नाही. पण मी तोवर ‘झालं बघा’ म्हणायला निघालोसुद्धा होतो.

रविवारची दुपार होती. डॉक्टर पिंपळवंडीला पाहुण्यांकडे गेलेले. तिथून यायचं म्हणजे तास लागतो. दवाखान्यात दोन सलाइनवाले पेशंट आणि सिस्टर एकट्या.

हत्यारं पिशवीत भरत होतो, तेवढ्यात एक्स-रेच्या बंद दाराआड घंटी वाजायला लागली.

“तिथं आज कोण फोन करतंय?” सिस्टर म्हणाल्या. “ती खोली उद्या उघडते. किल्ली घेऊन गेलाय तो एक्स-रेवाला गावाला.”

मी जिन्याखालच्या डब्याकडे धावलो. कार्डावरचा तिसरा दिवा लुकलुकत होता. तिथं मी पहिल्या लायनीची तार आवळली होती.

“सिस्टर, हा तुमच्या टेबलाचा नंबर आहे. तिकडं गेलाय.”

“मग हिथून उचला की.”

“त्याला कोड असतो.”

“मग दाबा.”

तो कोड गेल्या वर्षी मीच बदलून दिला होता, कुणाला म्हणून कळू नये असा. टेबलावरच्या फोनवरून दोन आकडे दाबून पाहिले. कुठलाच लागला नाही, आणि घंटी थांबली.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “आहुप्याकडची, डोंगरातली माणसं उगा फोन करत न्हाईत, भाऊ,” त्या म्हणाल्या. “रेंज मिळंल तिथं जीप थांबवून करत्यात. उचलला न्हाई तर समजतात, डॉक्टर न्हाईत. मग गाडी सरळ पुढं.”

पुढं म्हणजे मंचर, आणखी वीस-पंचवीस मिनिटं.

मी तिसऱ्या जागेचे स्क्रू ढिले केले. तार ओढणार, तोच घंटी पुन्हा सुरू झाली. आता तार काढली तर फोन तुटणार, नाही काढली तर बंद खोलीत वाजत राहणार. शेवटी सिस्टरांच्या टेबलावरचा फोन उपटून आणला, त्याची वायर दातांनी सोलली आणि तिच्या दोन तारा चिमटीत धरून त्या ढिल्या स्क्रूंना टेकवल्या. वाजत्या लायनीला करंट असतो हे मला ठाऊक होतं. बोटांना त्या दिवशी कळलं.

“उचला.”

सिस्टर जिन्याखाली गुडघ्यांवर बसल्या. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. हिरडा गोळा करताना त्याच्या भावजयीला फुरसं चावलं होतं. “तिसऱ्यांदा लावतोय, बाई. आता मंचरलाच निघालो व्हतो.”

तिसऱ्यांदा. म्हणजे पहिली घंटी मी तारा आवळत होतो तेव्हाच वाया गेलेली.

“चालवू नका तिला. पाय हलू देऊ नका. ब्लेड लावू नका,” सिस्टर सांगत होत्या. “हिकडंच आणा, डॉक्टर येत्यात.” माझी चिमटी सुटली की बोलणं तुटणार. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरांना बोलावलं. जीपला सव्वा तास, डॉक्टरांना एक तास. मी लायनी जागेवर आणल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिथं माझं काही काम नव्हतं. घोडेगावात रविवारी किती जीपगाड्या फिरतात ते त्या दिवशी समजलं. प्रत्येक वेळी वाटायचं, हीच, आणि डॉक्टर अजून नाहीत.

डॉक्टर आधी पोचले. ते हात धुताहेत तोवर जीप आत आली. बाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. दार लागलं.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. “वेळेत औषध गेलं. रात्रभर लक्ष ठेवायला लागंल, पण वाचेल,” म्हणाले.

बाईचा दीर कोपऱ्यावरून सगळ्यांना चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं मला दिला. “तुमीच फोन जोडला म्हणं. लई उपकार झाले, राव.”

मी नम्रपणे मान हलवली आणि कपाला तोंड लावलं.

“साप परवडला,” सिस्टर त्याला म्हणाल्या. “त्यो चावून निघून तरी जातो. ह्ये चावून वर चहा पित्यात.”