साळवे गुरुजींच्या कापलेल्या ओळी

दिनकर साळवे गुरुजी गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, राजूरच्या राहत्या घरी वारले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. मला चार दिवसांनी कळलं, तेही आमच्या ई-मेलवरच्या चर्चागटात दुसऱ्याच विषयाखाली आलेल्या एका ओळीतून.

हा गट नगर जिल्ह्यातून बाहेर पडलेल्यांचा. बहुतेक पुण्या-मुंबईत, काही अमेरिकेत. मी वृत्तपत्रात उपसंपादक, म्हणून आलेली पत्रं तपासून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे. फोनच्या तारेवरून लांब पत्र उतरायला वेळ लागे, म्हणून नियम ठरला होता, पंधरा ओळींचा. गटात गावाकडून लिहिणारे गुरुजी एकटेच, त्यांना तो जमला नाही. दर शनिवारी एसटीने संगमनेरला येऊन ते सायबर कॅफेत बसत आणि दोन बोटांनी रोमन लिपीत मराठी टाइप करत. आधी हवा, मग वाट, मग वाटेत कोण भेटलं, तो कुणाचा कोण... "गुरुजी, घंटा झाली, तास संपवा!" असं गटातला एक इंजिनिअर लिहायचा. सगळे हसत. मीही हसलो आहे.

एकदा फोनवर मी म्हणालो, "गुरुजी, मुद्दा आधी लिहीत चला."

"अहो, माणूस राहतो कुठं ते सांगितल्याबिगर त्याचं दुखणं काय सांगू?"

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर गटाने एका वाडीला बोअर घेऊन द्यायचं ठरवलं. गुरुजींनी जांभळवाडी सुचवली. पत्र एकशे बारा ओळींचं होतं. मी ते नऊ ओळींवर आणलं. ओढा, चढण, घरोघरची नावं काढून टाकली. राहिलं ते एवढंच, की जांभळवाडीला पाणी नाही आणि बायकांना लांब झऱ्यावर जावं लागतं. जांभळवाड्या दोन आहेत. खालची रस्त्याला लागून, तिथे हापसा होता. पाणी नव्हतं ते ओढ्यापलीकडच्या वरच्या वाडीला. पुढच्या शनिवारी माझ्या नऊ ओळी वाचून गुरुजींनी लगेच हरकत लिहिली. ती साठ ओळींची होती. पहिल्या वीस ओळी चुकलेल्या एसटीबद्दल होत्या. मी तेवढ्या वाचल्या आणि पत्र नियमानुसार परत पाठवलं. आठवड्याने तीच हरकत पंधरा ओळींत आली, तोवर खालच्या वाडीत बोअर घेऊन झालं होतं.

मी फोन केला. गुरुजी म्हणाले, "तुमी नियम पाळला, चूक न्हाई तुमची. आता वरच्या वाडीत जाऊन काय सांगू, तेवढं लिहून द्या. कितीबी ओळी घ्या."

मी लिहून दिलं नाही.

त्यानंतर त्यांची पत्रं एका ओळीची येत. "वाचले. दि. साळवे." मी त्यांना कळवलं, आता छान जमतंय. शेवटचं पत्र दोन शब्दांचं होतं, "बरे नाही." तेही मी गटाला पाठवलं. कुणी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी राजूरला गेलो. त्यांची मुलगी सुनंदा हिने जांभळवाडीच्या पत्राची छापील प्रत काढून दिली. "घर न् घर फिरून लिवलं हुतं अण्णांनी. पाय लई सुजले हुते. तुमी वाचलं का हो सगळं?"

"नाही," मी म्हणालो.

तिथेच बसून वाचलं. बोअरची गाडी वरच्या वाडीपर्यंत नेता येईल अशी बैलगाडीवाट एक्केचाळिसाव्या ओळीत होती, वळणावळणासह.

परवाच्या रविवारी ते पत्र, एकही ओळ न कापता, मी गटाला पाठवलं. वरच्या वाडीला अजून बोअर नाही, हे खाली जोडलं. हा मजकूर छपाईला देईपर्यंत एक उत्तर आलं आहे. "फार लांब आहे. थोडक्यात कळवावे."