टेपचं दुसरं टोक
माळा आवरताना चामड्याच्या डबीतली जुनी मोजायची टेप सापडली आणि मेणकापडाच्या त्या वासासरशी बदलापूरच्या वरचं पठार आठवलं. पन्नास सालच्या सुमाराला, प्राचीन काळच्या माणसांनी तिथं उभ्या केलेल्या शिळा मोजून नोंदवायला पुरातत्त्व खात्यानं मला एकट्यालाच पाठवलं होतं. वाळलेलं गवत, सतत वारा, आणि खाली फार दूर निर्वासितांच्या बरॅकी. टेपचं टोक दगडाखाली दाबून ठेवलं, तरी वारा ते सोडवून न्यायचा. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नसायचं. एके दुपारी लाकडांची मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबली, मोळी खाली टाकली आणि काही न विचारता टोक धरून उभी राहिली. "बरोबर हाय का रं बाबा?" ती दर शिळेला विचारायची, आणि मी आकडा उगाच मोठ्यानं सांगायचो. सगळ्या शिळा संपल्या, तरी मी पुन्हा पहिलीपाशी गेलो. "ही तर मघाशीच मोजलीस," ती हसली. तिनं टोक पुन्हा दगडाला लावलं. "मोज रं. माज्या तरी घरी कोन वाट बघतंय?" आज मी टेपचं टोक खिडकीच्या कडीत अडकवलं, खोली मोजली, आणि आकडा मोठ्यानं म्हटला.