रिकाम्या मैदानातले चौदा सामने

हार्मेन ओसिंगा अठरा वर्षं नोर्डस्टर क्लबचा दुसरा गोलकीपर होता. पहिला गोलकीपर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. कोणी दक्षिणेतल्या मोठ्या क्लबात जायचा, कोणी गुडघा मोडून घरी बसायचा, एकाने तर खेळच सोडला आणि सासऱ्याच्या ट्यूलिपच्या शेतावर जाऊन राहिला. हार्मेन मात्र दुसराच राहिला. अठरा वर्षांत त्याच्या नावावर एकतीस सामने होते, आणि त्यातले निम्मे हंगामाच्या शेवटी, जिंकलं काय नि हरलं काय, कुणाला सोयरसुतक नसलेले.

त्याचं खरं काम सामन्याआधीचं. पहिल्या गोलकीपरचं अंग मोकळं करून द्यायचं. अर्धा तास त्याच्याकडे बॉल मारत राहायचं. आधी सरळ हातात, मग डावी-उजवीकडे, मग उंच, आणि शेवटी दहा जोरात. मग आत जाऊन जाडं जाकीट चढवायचं आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर टोकाला बसायचं. हे तो इतकं बिनचूक करायचा की गोलकीपरांचा प्रशिक्षक लुबर्ट म्हणायचा, हार्मेनच्या किकवर घड्याळ लावून घ्यावं.

तो वाईट गोलकीपर नव्हता. हात भरवशाचे होते, जागा बरोबर धरायचा. पण पायाने बॉल फार लांब जायचा नाही, आणि तो उडी मारून लोकांचे डोळे दिपवणाऱ्यांपैकी नव्हता. त्याची एकच खासियत होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. गोलमध्ये उभा राहिला की तो पुढच्या बचावफळीशी सारखा बोलायचा. डावीकडे सरक, मागे बघ, सोड त्याला, तो जाणार नाही. आवाज खालच्या पट्टीतला. सहा हजार माणसं ओरडत असताना तो चार पावलांवर विरून जायचा.

घरी बोलायला कोणी नव्हतं. आनेलीन नावाची एक शिक्षिका नऊ वर्षं त्याच्याबरोबर राहिली होती. तिच्या बहिणीचं लग्न, तिच्या वडिलांची पंच्याहत्तरी, सगळं सामन्यांच्या दिवशीच यायचं, आणि दर वेळी हार्मेन बाकावर बसायला जायचा. शेवटी ती म्हणाली, "तू खेळत असतास ना, तर मी समजून घेतलं असतं." मग दूर झ्वोले शहरातल्या शाळेत नोकरी बघून ती गेली. भांडण असं झालंच नाही. भांडी अर्धी-अर्धी वाटली. उरलेल्या अर्ध्यात एका माणसाचं छान भागत होतं.

सामन्याला नेमाने येणारी एकच व्यक्ती होती, त्याची आई बाउक्ये. गावाहून दोन बस बदलून यायची, सोबत चीजच्या सँडविचचा डबा आणि कॉफीचा थर्मास. तिने वर्षानुवर्षं एकच जागा धरली होती, राखीव बाकाच्या बरोब्बर समोरची. लोक सांगायचे, आजी, इथून गोल नीट दिसत नाही. ती म्हणायची, "माझा मुलगा समोर बसतो. गोलकडे बघून मी काय करू?"

मग साथ आली. स्टँड बंद झाले. सामने चालू राहिले, पण बघायला कोणी नाही. तोवर बाउक्ये एक्क्याऐंशीची झाली होती आणि बंधाऱ्यामागच्या गावात एका वृद्धाश्रमात राहत होती. आत दोनदा साथ शिरली, म्हणून भेटी खिडकीतूनच चालायच्या. हार्मेन दर बुधवारी जायचा, फुलांच्या वाफ्यात उभा राहायचा, आत आई आणि बाहेर तो, दोघांच्या कानाला फोन. समुद्रावरचं वारं इतकं असायचं की निम्मं बोलणं तो नुसतं मान हलवून झेलायचा.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी क्लबच्या व्यवस्थापकाने त्याला वर बोलावलं आणि सांगितलं की जूननंतर करार वाढवणार नाही. तुझ्याबद्दल सगळ्यांना आदर आहे, म्हणाला. शेवटच्या सामन्याला पुष्पगुच्छ देऊ. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील. हार्मेनने आभार मानले, खाली आला, ओले बॉल पुसून जाळीत भरले. कोणाला काही बोलला नाही. सांगायचं म्हटलं तर सांगायचं कोणाला, हेही त्याला चटकन सुचलं नाही.

रविवारी दुपारी सामना होता. पहिला गोलकीपर थाइमेन, बावीस वर्षांचा, उंच, हसतमुख पोरगा. त्याच्यावर मोठ्या क्लबांची नजर होती. हार्मेनने नेहमीसारखं सगळं करवून घेतलं. शेवटच्या दहा किक सुरू झाल्या. नऊ झाल्या. दहावी त्याने मारली, आणि पाय बॉलला लागला त्याच क्षणी त्याला कळलं की ही नेहमीची नाही. थाइमेनने हात घातला. काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि तो डावा हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला.

अंगठा दोन जागी मोडला होता. डॉक्टर त्याला घेऊन गेले. लुबर्टने हार्मेनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "हातमोजे घाल," तो म्हणाला. "पंचवीस मिनिटं आहेत. आज तुझं अंग मी मोकळं करतो."

असा हार्मेन ओसिंगा वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिला गोलकीपर झाला.

त्या दिवशी मैदानात काय शांतता होती! सीगल ओरडत होते. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती. हार्मेन सवयीने खालच्या आवाजात बोलू लागला, आणि पहिल्याच मिनिटाला डेल्व्हिनो, मधला बचावपटू, दचकून मागे वळला. सहा वर्षं तो ह्या क्लबात होता, पण हार्मेनचा आवाज त्याने मैदानावर कधी ऐकलाच नव्हता. हार्मेन म्हणाला, वळू नकोस, डावीकडे दोन पावलं. डेल्व्हिनो सरकला, आणि बॉल आपसूक त्याच्या पायात आला. तिथून पुढे नव्वद मिनिटं बचावफळीतले चौघंही त्याच्या शब्दावर हलत राहिले. हार्मेनला जेमतेम दोन बॉल अडवावे लागले. सामना एक-शून्य जिंकला.

"आजोबा," डेल्व्हिनो नंतर बूट काढता काढता म्हणाला, कारण टीममध्ये सगळे त्याला आजोबाच म्हणत, "इतकी वर्षं हे तोंड कुठे ठेवलं होतंस?"

सगळे हसले. हार्मेनही हसला. पण घरी जाऊन त्याने वाटाण्याचं सूप गरम केलं आणि ते खाताना त्याला थाइमेनचा तो आवाज, हाडाचा, पुन्हा ऐकू आला. मी मुद्दाम मारली का? असं तो स्वतःला विचारायचा आणि नाही म्हणायचा. मग चुकून मारली का? ह्यालाही त्याला हो म्हणता येत नव्हतं. त्याने थाइमेनला फोन केला. थाइमेनने घरच्यांना आणि वार्ताहरांना सांगितलं होतं की बॉल ओला होता, हातातून निसटला. हार्मेनलाही तो तेच म्हणाला. हार्मेनने लवकर बरा हो म्हणून फोन ठेवला.

नोर्डस्टर जिंकत गेलं. सहा सामन्यांत एकच गोल खाल्ला. मार्चअखेर थाइमेनचा अंगठा सांधला, पण प्रशिक्षकाने जुळलेली घडी मोडली नाही. आता उलटं झालं. सामन्याआधी थाइमेन बॉल मारायचा आणि हार्मेन अडवायचा. पोरगा अगदी जपून मारायचा. ते हार्मेनला फार लागायचं.

बुधवारी तो खिडकीशी जाऊन आईला सगळं सांगायचा. ती गावच्या रेडिओवर सामने ऐकायची. तिची एकच तक्रार होती. "त्या माणसाने काल तुझं नाव चारदाच घेतलं," ती फोनवर म्हणायची. "इतरांचं सारखं घेतो." हार्मेन तिला समजवायचा की गोलकीपरचं नाव कमी आलं तर ते चांगलंच असतं. तिला ते पटायचं नाही.

रविवारी नव्वद मिनिटं बोलून त्याचा घसा बसायचा. सोमवारी सुट्टी. घरात तो घोगऱ्या आवाजात कधी भाजीवाल्याशी दोन शब्द बोलायचा, कधी तेवढेही नाही. जिन्यात शेजारीण भेटली की दोघं भिंतीला चिकटून एकमेकांना वाट द्यायची. मैदानावर चार माणसं त्याच्या एका शब्दावर धावत होती, आणि ती चारही माणसं सामना संपला की साथीच्या नियमाप्रमाणे आपापल्या गाडीतून एकेकटी घरी जात होती. एकत्र बसून बिअर पिणं नाही, पाठीवर थाप नाही. आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ चालू आहे हे हार्मेनला कळत होतं. तो कोणाला दाखवता येत नव्हता, एवढंच.

चौदा सामने असे गेले. नोर्डस्टर वरच्या विभागात जायच्या शेवटच्या लढतीपर्यंत पोचलं. आणि नेमकं तेव्हा, मेअखेर, सरकारने थोड्या प्रेक्षकांना परवानगी दिली. बाराशे माणसं. खेळाडूंच्या घरच्यांसाठी एकेक तिकीट. बाउक्येची लस झाली होती. वृद्धाश्रमातली एक परिचारिका तिला गाडीतून घेऊन आली.

बाराशे म्हणजे सहा हजार नव्हेत. पण वर्षभर घरात कोंडलेली माणसं होती ती. शिट्टी वाजायच्या आधीपासून जो कल्ला सुरू झाला तो थांबेचना. हार्मेन पहिल्या मिनिटापासून बोलत होता आणि त्याला दिसत होतं की पुढे काही पोचत नाही. त्याने आवाज चढवला. चढवलेल्या आवाजात ते बोलणं राहिलं नाही, नुसतं ओरडणं झालं. डेल्व्हिनोने दोनदा वळून बघितलं, कानाला हात लावून.

एकाहत्तराव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्यांनी मागून एक उंच बॉल टाकला. तो हार्मेनचाच होता. तो पुढे धावला. "माझा! सोड!" डेल्व्हिनोने ऐकलं नाही. त्याने मागे पळत पळत बॉल डोक्याने आपल्याच गोलकीपरकडे दिला, जिथे गोलकीपर असायला हवा होता तिथे. बॉल हार्मेनच्या डोक्यावरून गेला, दोन टप्पे पडला आणि सावकाश, कोणीतरी वाट करून दिल्यासारखा, जाळीत गेला.

तोच एक गोल. तेवढ्यावर हंगाम संपला.

डेल्व्हिनो टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता, हार्मेन त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे गेला. पुष्पगुच्छ मिळाला. मग तो जाळीच्या फाटकापाशी गेला. पलीकडे आई व्हीलचेअरवर, निळा रेनकोट घालून. तिने हट्टाने आपली जुनीच जागा मागून घेतली होती, बाकासमोरची.

"फार लांब होतास रे," ती म्हणाली. "मला नीट दिसलाच नाहीस."

हार्मेन म्हणाला, हो, आज लांबच होतो. सव्वा वर्षाने त्याने तिचा हात हातात घेतला. ती त्याचे हातमोजे चाचपून बघत राहिली आणि म्हणाली, किती जड असतात हे.

ड्रेसिंग रूम रिकामी झाली तेव्हा थाइमेन त्याच्या शेजारी येऊन बसला.

"ती दहावी किक मी जरा जास्तच जोरात मारली होती," हार्मेन म्हणाला. "बॉल ओला नव्हता."

"माहीत आहे," थाइमेन म्हणाला. "समोर मीच उभा होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? आजोबांना राग आला होता म्हणून?" पोराने अंगठा वाकवून बघितला. "लुबर्टने नंतर सांगितलं मला, शुक्रवारी तुला वर काय ऐकवलं ते. मी असतो तर डोकंच फोडलं असतं कोणाचं तरी."

थाइमेन उठला, हार्मेनची बॅग उचलून गाडीपर्यंत पोचवायला निघाला. हार्मेनने ती त्याच्या हातातून काढून घेतली नाही.

जूनमध्ये करार संपला. हार्मेन आईच्या गावाजवळ राहायला गेला आणि नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर देखरेखीची नोकरी धरली. हातात लांब काठी घेऊन काठाने फिरायचं, मुलांवर लक्ष ठेवायचं. त्याला कोणी ओळखत नव्हतं. एकाने फक्त विचारलं, तुम्ही त्या रेडिओवरच्या ओसिंगाचे कोणी लागता का? तो म्हणाला, मीच तो. त्या माणसाला खरं वाटलं नसावं.

थाइमेनला दक्षिणेतल्या मोठ्या क्लबाने घेतलं. ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी संध्याकाळी, हार्मेन बटाटे सोलत असताना, त्याचा फोन आला. तिथे त्याच्यापुढे एक बेल्जियन गोलकीपर होता, तिशीतला, कधीच आजारी न पडणारा. अकरा सामने झाले होते आणि थाइमेन अकराही वेळा बाकावर बसला होता. तो इकडचं तिकडचं बोलला, हवेचं, घरभाड्याचं. मग थांबला.

"आजोबा, एक विचारू? तिथे बसून तू काय करायचास? इतकी वर्षं?"

हार्मेनने सुरी खाली ठेवली. हे त्याला आजवर कोणीही विचारलं नव्हतं, आनेलीननेही नाही, आईनेही नाही. त्याने हात पुसले, खुर्ची ओढली.

"वेळ आहे का तुला?" त्याने विचारलं.

थाइमेन म्हणाला, वेळच वेळ आहे.

"मग ऐक," हार्मेन म्हणाला. "आधी जागा. टोकाची घ्यायची. मधे बसलास की दोन्ही बाजूंनी लोक उठतात आणि आपण तसेच राहतो." आणि तो सांगत गेला, गारठलेल्या पायांचं, समोरच्या गोलकीपरच्या पावलांवर नजर कशी ठेवायची त्याचं, मनातल्या मनात सामना कसा खेळायचा त्याचं. बाहेर अंधार पडला. दिवा लावायला उठावं हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.